केंटकी बर्बन डिस्टिलरीज : एका दिवसाची ट्रिप, प्लॅनिंगला मदत हवीय

इंडीची_सई
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये दादा, वहिनी आणि बाबा पुण्याहून आमच्याकडे येतायत, आम्ही इंडियानापोलिसला असतो. दादाला व्हिस्कीची मनापासून आवड, त्याने आत्ताच सांगून ठेवलंय की नायगरा नाही दाखवलास तरी चालेल पण मला केंटकीला, बर्बनच्या (मक्यापासूनच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) गावी ने. वहिनी एखादा घोट घेईल. बाबा अजिबात घेत नाहीत, पण खरं सांगायचं तर मला बाबांनाच न्यायची जास्त उत्सुकता आहे, कारण त्यांची सगळी नोकरी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून झाली. मळीपासून स्पिरिट. लहानपणी घरात फर्मेंटर (आंबवायची टाकी), वॉश (आंबलेलं द्रावण), कॉलम (डिस्टिलेशनचा उंच मनोरा) हे शब्द भाजीपाल्यासारखे यायचे. तर त्यांना इथली पद्धत नीट बघायला मिळावी असं फार वाटतंय.
माझ्या डोक्यातला प्लॅन असा: शनिवारी पहाटे निघायचं, फ्रँकफर्टला बफेलो ट्रेस, मग वुडफर्ड रिझर्व्ह, फोर रोझेस, तिथून मेकर्स मार्क आणि परत येताना जिम बीम. रात्री घरी. मी ड्रायव्हर, मी पिणार नाहीये. गुगल मॅपवर सगळं जवळजवळ दिसतंय. जमेल का? कोणी जाऊन आलंय का?

लुईव्हिलकर
सई, पाच नाही जमणार, आणि जमवलंस तरी कोणालाच मजा येणार नाही. नकाशावर जवळ दिसतं पण हे दोन वेगळे पट्टे आहेत. एक लेक्सिंग्टन-फ्रँकफर्टकडचा: बफेलो ट्रेस, वुडफर्ड, कॅसल अँड की, आणि खाली लॉरेन्सबर्गला फोर रोझेस आणि वाइल्ड टर्की. दुसरा बार्ड्सटाउनकडचा: क्लेरमाँटला जिम बीम, खुद्द बार्ड्सटाउनमध्ये हेवन हिल, विलेट, बार्ड्सटाउन बर्बन कंपनी, आणि पुढे लोरेटोला मेकर्स मार्क. एका दिवशी एकच पट्टा धरा.
आणि त्यात पण दोन डिस्टिलरीज, अगदी हौस असेल तर तिसरी. एक टूर तास-दीड तासाची, त्यात पार्किंग, दुकान, बाथरूम, फोटो, ह्यात अर्धा तास सहज जातो. टूरच्या वेळा ठरलेल्या असतात, पाच मिनिटं उशीर झाला तर गट पुढे निघून गेलेला असतो, आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला बहुतेक ठिकाणी आवराआवर सुरू होते.
इंडीहून लुईव्हिल दोन तास (११५ मैल), तिथून क्लेरमाँट अर्धा तास, क्लेरमाँट-बार्ड्सटाउन वीसेक मिनिटं, बार्ड्सटाउन-लोरेटो अर्ध्या तासाच्या आसपास पण गावातले वळणावळणाचे रस्ते. तुमच्यासाठी बार्ड्सटाउनचा पट्टाच सोयीचा, हायवे ६५ सरळ तिकडेच जातो.

घाटमाथा
+१ लुईव्हिलकर. शिकागो किंवा नॅशव्हिलहून येणाऱ्या वाचकांसाठी एक सांगतो, लुईव्हिल, बार्ड्सटाउन, लेक्सिंग्टन सगळं ईस्टर्न टाइमला आहे, तुमच्याकडून एक तास पुढे. सकाळी १० चं बुकिंग म्हणजे तुमच्या घड्याळात ९. इंडीवाल्यांना हा प्रश्न नाही.

सह्याद्री_८०
एवढं लांब जाताय तर जॅक डॅनियल का नाही? सगळ्यांच्या ओळखीचं नाव आहे. बाबांना पण माहीत असेल.

लुईव्हिलकर
ते टेनेसीत, लिंचबर्गला. लुईव्हिलहून चारेक तास. वेगळी ट्रिप करावी लागेल. जागा मात्र सुंदर आहे, मेपलच्या कोळशातून थेंब थेंब गाळण्याची त्यांची पद्धत प्रत्यक्ष बघता येते, आणि नियरेस्ट ग्रीन या कृष्णवर्णीय कारागिराने, जो तेव्हा गुलामगिरीत होता, जॅक डॅनियलला डिस्टिलिंग शिकवलं हे आता तिथे उघडपणे सांगतात. ते ऐकण्यासारखं आहे. पण एका दिवसात केंटकी आणि लिंचबर्ग दोन्ही नाही.

ओक_आणि_मका
सई, तुझ्या बाबांमुळे हा धागा वाचायला बसले. मी फूड सायन्सवाली आहे, डिस्टिलरीज बघायला मला फार आवडतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांब झालं तर सांभाळून घ्या.
बाबांना सगळ्यात आधी फरक जाणवेल तो सुरुवातीलाच. मळीत साखर आयती असते, पाणी घालून पातळ केली, यीस्ट टाकलं की काम सुरू. इथे मका आहे, म्हणजे स्टार्च. तो आधी शिजवावा लागतो आणि मग बार्लीच्या माल्टमधली एन्झाइम्स त्या स्टार्चची साखर करतात. बर्बनमध्ये कमीत कमी ५१ टक्के मका असायलाच लागतो, उरलेल्यात बहुतेक ठिकाणी राय हे धान्य आणि थोडं बार्ली माल्ट. मेकर्स मार्क रायच्या जागी गहू घालतात म्हणून त्यांची चव मऊ आहे, तिखटपणा कमी.
दुसरा फरक कॉलमचा. आपल्याकडे मळीपासून ईएनए (जवळजवळ बिनचवीचं शुद्ध स्पिरिट) काढताना ९६ टक्के अल्कोहोलपर्यंत नेतात, म्हणजे मूळ कच्च्या मालाची चव शक्य तितकी घालवायची. बर्बनला कायद्यानेच ८० टक्क्यांच्या वर डिस्टिल करायला बंदी आहे, कारण मक्याची, रायची चव राहायला हवी. पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही, मेकर्स तर ५५ लाच भरतात. बाटलीत कमीत कमी ४०. आयुष्यभर ज्यांनी चव काढून टाकण्याचं काम केलं त्यांना चव जपणारा कॉलम बघताना काय वाटेल, मला खरंच जाणून घ्यायला आवडेल, आल्यावर नक्की लिही.
तिसरं म्हणजे सावर मॅश. आधीच्या डिस्टिलेशनमधून खाली उरलेलं आंबट पाणी नव्या मॅशमध्ये (धान्याच्या शिजवलेल्या लापशीत) घालतात, त्याने आम्लता योग्य राहते आणि नको ते जंतू वाढत नाहीत. आपल्याकडे हे उरलेलं पाणी, स्पेंट वॉश, म्हणजे विल्हेवाट लावायची डोकेदुखी, इथे त्यातला भाग परत कामाला लावतात आणि उरलेला चोथा गुरांच्या चाऱ्याला जातो. बाबा याच्यावर गाईडला तासभर प्रश्न विचारतील. विचारू देत! शनिवारच्या गर्दीत गाईडला वेळ नसतो, त्यामुळे जमलं तर आठवड्याच्या मधला दिवस धर, गट छोटा मिळतो. फर्मेंटरच्या खोलीत शिरलं की आंबोळीच्या पिठासारखा वास येतो, तिथे थोडं रेंगाळा.
एक सूचना, टूर बुक करताना वर्णन नीट वाच. काही टूर्स नुसत्या टेस्टिंगच्या असतात, खोलीत बसून ग्लास समोर आणि गप्पा. बाबांसाठी प्रॉडक्शनची टूर हवी, फर्मेंटर आणि स्टिल (डिस्टिल करायचं यंत्र) दाखवणारी. आणि फोन करून विचार की त्या दिवशी प्लांट चालू आहे ना. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी मेंटेनन्ससाठी बंद असतं. जिम बीमने क्लेरमाँटचं डिस्टिलिंग २०२६ मध्ये थांबवायचं जाहीर केलंय, व्हिजिटर सेंटर चालू ठेवलंय, पण चालू कॉलम बघायचा असेल तर ते लक्षात घ्या.

इंडीची_सई
ओक_आणि_मका, किती छान लिहिलंस! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले ८० टक्के म्हणजे प्लेट्स (कॉलममधल्या आडव्या ताटल्या) किती ठेवतात ते विचार. सुरुवात झालेली आहे.
शनिवारचा हट्ट सोडते, मला गुरुवारी सुट्टी घेता येईल. मग मेकर्स मार्क नक्की. दुसरी कुठली?

बॅरलप्रूफ
बफेलो ट्रेस सोडू नका असं माझं मत. टूर आणि टेस्टिंगला पैसे घेत नाहीत, परिसर जुना, विटांची गोदामं, प्रोहिबिशनच्या काळात (अमेरिकेतली दारूबंदी, १९२० ते १९३३) औषधी व्हिस्कीच्या परवान्यावर चालू राहिलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक. दादा खूश होईल. शेवटी बर्बन घातलेली चॉकलेटं देतात, ती कल्पना पण फ्रँकफर्टचीच, रिबेका रूथ नावाचं दुकान १९१९ पासून आहे गावात, वहिनीला तिथे न्या. फक्त बुकिंग फार आधी भरतं.
दादाला आधीच सांगून ठेवा की पॅपी व्हॅन विंकल वगैरे दुर्मिळ बर्बन तिथल्या दुकानात मांडून ठेवलेलं नसतं. लोक त्या आशेने पहाटे रांगा लावतात, आणि मग अख्खा दिवस बाटलीच्या मागे जातो. त्यापेक्षा जे गावातल्या दुकानात रोज मिळतं तेच कसं बनतं ते बघून घ्या, घरी जाऊन पिताना वेगळी लागते.

लुईव्हिलकर
बफेलो ट्रेस उत्तमच आहे, पण मेकर्सबरोबर एका दिवसात घेतलं तर मधे सव्वा-दीड तासाची ड्राइव्ह. सत्तरीतल्या माणसाला दिवसभर गाडीत बसवायचं का? त्यापेक्षा मेकर्स सकाळी आणि हेवन हिल दुपारी. दोन्ही एकाच बाजूला, आणि गोष्टी वेगवेगळ्या.
मेकर्समध्ये तुम्हाला बनवणं दिसेल. सायप्रसच्या लाकडाचे जुने फर्मेंटर, तांब्याचा कॉलम, छोटा छापखाना जिथे लेबलं कापतात, आणि शेवटी हवी तर स्वतःची बाटली स्वतः लाल मेणात बुडवायची. ते लाल मेण मार्जी सॅम्युअल्स यांची कल्पना. नवरा बिल सॅम्युअल्स यांनी १९५३ मध्ये ती जागा घेतली, पहिली बाटली १९५८ ला बाहेर आली. बाटलीचा आकार, लेबल, नाव सगळं मार्जीबाईंचं. वहिनीला बाटली बुडवू द्या, एप्रन-हातमोजे देतात.
हेवन हिलमध्ये तुम्हाला इतिहास आणि मुरवणं कळेल. नोव्हेंबर १९९६ मध्ये बार्ड्सटाउनच्या त्यांच्या जागेला आग लागली, ९०,००० च्या वर पिंपं जळाली, पेटलेली व्हिस्की ओढ्यासारखी उतारावरून वाहत गेली. डिस्टिलरीच गेली. पुढे त्यांनी १९९९ मध्ये लुईव्हिलमधली बर्नहाइम डिस्टिलरी घेतली आणि तिथून चालवलं, शेजारच्या कंपन्यांनी मधल्या काळात त्यांना स्वतःच्या स्टिलवर दारू काढून दिली. स्पर्धक होते सगळे. ही गोष्ट मला दर वेळी पाहुण्यांना सांगावीशी वाटते. आता त्यांनी बार्ड्सटाउनला परत नवा प्लांट उभा केलाय.

तळपण
गोव्याहून लिहितोय. पॉल जॉनचा प्लांट आमच्या कुंकळ्ळीला आहे, तिथे जी सिंगल माल्ट मुरते ती ह्याच केंटकीकडून आलेल्या पिंपांत. बर्बनला दर वेळी नवीन, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, कायदाच तसा, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला, आयर्लंडला, आमच्याकडे येतात. बंगळुरूची अमृतसुद्धा वापरते. तेव्हा दादाला सांगा, तिथे जे पिंप बघशील त्याचा पुढचा मुक्काम गोवा असू शकतो.
हवामानाचा फरक पण बघा. केंटकीत उन्हाळा कडक, हिवाळ्यात बर्फ, पिंपातली व्हिस्की उन्हाळ्यात लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. वर्षाला तीन ते पाच टक्के उडून जाते म्हणतात. आमच्याकडे उकाडा बारमाही, त्याहून बरंच जास्त उडतं, म्हणून आमच्याकडे पाच-सहा वर्षांत जे मुरतं त्याला स्कॉटलंडात कितीतरी जास्त वर्षं लागतात.

ओक_आणि_मका
तळपण, हे मस्त जोडलंत. त्यात थोडी भर. गोदामात (रिकहाउस म्हणतात) वरच्या मजल्यावर गरम, खालच्या मजल्यावर गार, त्यामुळे एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं सहा-सात वर्षांनी वेगवेगळी निघतात. वरच्या मजल्यावर पाणी जास्त उडतं आणि अल्कोहोलची टक्केवारी चक्क वाढते. मेकर्सवाले म्हणून पिंपं वरून खाली फिरवतात. फोर रोझेसने उलट उपाय केलाय, त्यांची गोदामं एकमजलीच. तेही मुद्दाम धान्याची दोन वेगळी मिश्रणं आणि पाच यीस्ट वापरून दहा वेगळ्या रेसिपी करतात आणि मग मिसळतात. तुम्हाला एकच गोष्ट शिकून यायची असेल तर गाईडला विचारा, हे पिंप कुठल्या मजल्यावरचं.
आणि गोदामांच्या भिंती, आजूबाजूची झाडं काळी पडलेली दिसतील, ती काजळी नाही, उडालेल्या अल्कोहोलच्या वाफेवर वाढणारी बुरशी आहे. शेजारी राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, घरं, गाड्या काळ्या पडतात, तक्रारी झाल्यात. टूरवर हे सहसा कोणी सांगत नाही.

मेथीपराठा
सगळे दारूचं बोलतायत, जेवणाचं काय? बाबा शाकाहारी आहेत का? बार्ड्सटाउन छोटं गाव आहे, मेन्यूत सगळीकडे पोर्क, चिकन, बर्गू नावाचा मांस-भाज्यांचा रस्सा, शाकाहारी माणसाला चीज सँडविच, सॅलड आणि फ्राइज. सरळ घरून दशम्या, मेथीचे पराठे, दही न्या, मेकर्सच्या आवारात झाडाखाली बाकं आहेत. आणि पोट भरून सकाळी निघा, रिकाम्या पोटी सकाळी दहाला टेस्टिंग म्हणजे दादाचं दुपारी काही खरं नाही. दोन्ही ठिकाणी मिळून ग्लास छोटे-छोटेच असतात पण ५० टक्क्यांच्या आसपासचं असतं काही काही. प्रत्येक घोटामागे पाणी. सगळं संपवायलाच हवं असं नाही, ओतून द्यायला भांडं ठेवलेलं असतं, कोणी काही म्हणत नाही.

घाटमाथा
ड्रायव्हरने न पिणं हे सईने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ते फार बरं. इथे रक्तातल्या अल्कोहोलचं लिमिट ०.०८ टक्के आहे पण गावाकडचे अंधारे वळणाचे रस्ते, हरणं आडवी येतात, लिमिटच्या गप्पाच नकोत. ज्यांच्या गटात कोणीच न पिणारं नाही त्यांनी लुईव्हिलहून व्हॅनवाल्या टूर्स असतात त्या घ्याव्यात. नाहीतर लुईव्हिल डाउनटाउनच करावं, मेन स्ट्रीटवर इव्हान विल्यम्स, ओल्ड फॉरेस्टर, मिक्टर्स चालत चालत होतात, एंजल्स एन्व्ही जरा पुढे. तिथल्या फ्रेझर हिस्ट्री म्युझियममध्ये बर्बन ट्रेलची (डिस्टिलरीज जोडणाऱ्या पर्यटन मार्गाची) माहिती मिळते, ट्रेल १९९९ पासूनचा आहे.

इंडीची_सई
बाबा शाकाहारी, हो. दशम्या ठरल्या. कागदपत्रं काय लागतात? आणि बाबा पिणार नाहीत तर त्यांचं पण तिकीट काढायचं का? बाटल्या पुण्याला नेता येतात का? दादा रोज विचारतोय.

लुईव्हिलकर
टेस्टिंगसाठी २१ पूर्ण आणि फोटो ओळखपत्र. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्टच न्यावा, फोनमधला फोटो चालत नाही, केस पांढरे असले तरी विचारतात. न पिणाऱ्याचं तिकीट काढावंच लागतं कारण टूरची जागा लागते, काही ठिकाणी थोडं स्वस्त असतं, बुकिंग करतानाच बघ. साधारण वीस-तीस डॉलर माणशी धर. बंद बूट, आत जिने आहेत, बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर फोन करून आधी सांग, व्यवस्था करतात. जिथे वाफ असते तिथे फोन बंद ठेवायला सांगतात, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते, हे बाबांना सांगायची गरज नाही.

बॅरलप्रूफ
बाटल्यांचं: केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये. ७० टक्क्यांपर्यंतची माणशी ५ लिटर नेता येते, सील न फोडलेली. त्याच्यावरची अजिबात नाही, काही बॅरल प्रूफ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेल्या) बाटल्या १४० प्रूफच्या वर जातात (प्रूफच्या निम्मे टक्के), तेव्हा लेबल वाचून घ्या. भारतात उतरताना माणशी २ लिटर ड्युटी फ्री. दादा, वहिनी, बाबा मिळून ६ लिटर होतात, म्हणजे ७५० मिलीच्या प्रत्येकी दोन आरामात. मेणाच्या बाटलीला कपड्यांत नीट गुंडाळा.
भारतात बर्बनवरची कस्टम ड्युटी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आली, तरी पुण्यातल्या दुकानातली किंमत आणि इथली किंमत ह्यात खूप अंतर आहे. मुंबई-पुण्यात सहज मिळणारं उचलू नका, डिस्टिलरीत मिळणारं घ्या.

राजगिरा
न पिणाऱ्यांसाठी एक सुचवते. लोरेटो आणि बार्ड्सटाउनच्या मधल्या भागात गेथसेमनीची ॲबी आहे, ट्रॅपिस्ट साधूंचा मठ, फार शांत जागा. तिथले साधू बर्बन घातलेला फज आणि फ्रूटकेक बनवून विकतात. माझ्या सासूबाईंना अख्ख्या ट्रिपमध्ये तेच सगळ्यात आवडलं. आणि जरा वेळ असेल तर हॉजनव्हिलला लिंकनचं जन्मस्थान, अर्ध्या तासावर. अजून एक, लेबननला पिंपं बनवायचा कारखाना आहे, तिथे पिंप आतून कसं जाळतात ते दिसतं. पण ते बुकिंग बघून ठरवा.

इंडीची_सई
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं सांगितलंत. बाबांशी, दादाशी बोलून हे ठरलं:
बुधवारी संध्याकाळी लुईव्हिलला मुक्काम, म्हणजे सकाळी बाबांची पळापळ नाही. गुरुवारी ९ ला निघून साडेदहाची मेकर्स मार्कची प्रॉडक्शन टूर, फोन केला, त्या दिवशी प्लांट चालू आहे म्हणाले. तिथेच दशम्या. दुपारी गेथसेमनी, मग साडेतीनला हेवन हिल. जिम बीम सोडलं, दादा जरा हिरमुसला पण पिंपाच्या मजल्यांचं वाचल्यावर आता तोच म्हणतोय की दोनच नीट बघू. रात्री बार्ड्सटाउनलाच राहून शुक्रवारी सकाळी घरी. बफेलो ट्रेस पुढच्या वेळी, हाडं गोठवणारी थंडी सरल्यावर वसंतात.
बाबांनी वहीत प्रश्न लिहायला घेतलेत. प्लेट्स किती, यीस्ट स्वतःचं ठेवतात का विकत, फर्मेंटेशन किती तासांचं, पाणी कुठलं.

ओक_आणि_मका
पाण्याचं मी सांगते, चुनखडीच्या खडकातून येतं, त्यात लोह नसतं, लोह असलं की व्हिस्की काळपट होते आणि चव बिघडते. त्याच चुनखडीच्या गवतावर तिथले शर्यतीचे घोडे पोसले जातात. फर्मेंटेशन मेकर्सला तीनेक दिवसांचं, यीस्ट त्यांचं स्वतःचं जपलेलं. प्लेट्स मात्र बाबांनी तिथेच विचाराव्यात, आणि उत्तर इथे टाक.

मेथीपराठा
गुरुवारी पाऊस असला तर मेकर्सच्या आवारात बसता येणार नाही, गाडीत ताटल्या-नॅपकिन ठेव. आणि दही वेगळ्या डब्यात, कूलर बॅगेत.